नसलेल्या बेटाचा सूर

रायपूरच्या गोल बाजारापासून समुद्र फार दूर आहे. विशाखापट्टणमच्या गाडीत बसले, तरी पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडल्यावाचून लाटेचा आवाज कानी पडत नाही. मसाले, भांडी, बांगड्या, पूजेचे साहित्य आणि लग्नाचा बस्ता ह्यांसाठी आसपासच्या खेड्यांतून माणसे ह्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येत आली. त्यांतील बहुतेकांनी समुद्र कधी पाहिलेला नसे. असे असूनही १९५० नंतरच्या दोन दशकांत एखाद्या दुकानातला रेडिओ लागला आणि त्यातून तारेवरून घसरत, थरथरत जाणारा एक विशिष्ट सूर निघाला, की ऐकणाऱ्याच्या मनात माडांची रांग, चांदणे आणि संथ पाणी असे चित्र आपोआप उभे राही. ज्याने समुद्र पाहिला नाही, त्याला समुद्राची ओढ लावणारा हा सूर आला कोठून, आणि त्यात असे काय होते?

तो ज्या मार्गाने गोल बाजारात पोचला तो मार्ग ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. रायपूरला स्वतःचे केंद्र मिळावयास १९६३ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. दरम्यानच्या काळात हिंदी चित्रपटगीतांची तहान भागवली ती मुख्यतः रेडिओ सिलोनने. रायपूरजवळचे भाटापारा हे गाव तर फर्माईशींच्या पत्रांमुळे साऱ्या भारतातील श्रोत्यांना नावाने माहीत झाले होते. दोन कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी ह्या केंद्रांवरून वाद्यसंगीताच्या तबकड्या लावीत, आणि त्यांत हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या चाली हटकून असत. व्हॅन शिपली हे नाव त्या तबकड्यांमुळे घरोघर झाले. शब्द नाहीत, गायक नाही, केवळ ओळखीची चाल. आणि तरीही मूळ गाण्यात नसलेली एक आळसावलेली, दूरदेशीची हुरहूर तीत शिरलेली असे.

ह्याच सुमारास पॅसिफिक महासागराच्या पलीकडे ह्या हुरहुरीचा एक स्वतंत्र संगीतप्रकारच बनला होता. त्याला पुढे 'टिकी' संगीत असे नाव पडले. त्या काळात तो 'एक्झॉटिका' ह्या नावाने विकला जाई. टिकी हा शब्द पॉलिनेशियन बेटांवरचा. माओरी लोकांच्या कथांत तो आदिपुरुषाचे नाव आहे, आणि लाकडात वा दगडात कोरलेल्या मूर्तींनाही तोच शब्द लावतात. (छत्तीसगढच्या टिमकीशी त्याचे नावापुरते साम्य आहे, ते निव्वळ योगायोगाचे, परंतु टिमकीकडे पुढे यावयाचेच आहे.) १९३३ साली हॉलिवुडमध्ये बांबू, मासेमारीची जाळी आणि अशा मूर्ती लावून सजवलेले एक मद्यगृह निघाले आणि त्याची लागण पुढे सर्व अमेरिकेत पसरली. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये लढून परतलेल्या हजारो सैनिकांना त्या बेटांच्या आठवणी होत्या. त्यांतील रक्त आणि हिवताप वजा करून उरलेला भाग त्यांना पुन्हा हवा होता. १९४७ साली जेम्स मिचेनरचे दक्षिण पॅसिफिकविषयीचे कथांचे पुस्तक निघाले, १९४९ मध्ये त्यावरून संगीतिका रंगभूमीवर आली, आणि १९४७ मध्येच थॉर हायरडाल 'कॉन-टिकी' नावाच्या तराफ्यावरून १०१ दिवसांत पेरूहून पॉलिनेशियात जाऊन पोचला. मागणी तयार होती. संगीत तेवढे बनवावयाचे होते.

ते बनवणाऱ्यांत पहिला लेस बॅक्स्टर. तो टेक्ससमध्ये जन्मलेला आणि लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाढलेला. १९५१ साली त्याने काढलेल्या तबकडीत एका निवांत खेड्याचे वर्णन करणारी एक रचना होती, आणि ते खेडे नकाशावर कोठेच नव्हते. हीच रचना न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मार्टिन डेनी ह्या पियानोवादकाने होनोलुलूतील एका हॉटेलाच्या उघड्या मद्यगृहात वाजवावयास घेतली. तेथे जवळच पाण्याचे एक कुंड होते आणि त्यात मोठे बेडूक होते. वाद्ये सुरू झाली की बेडूक ओरडत, वाद्ये थांबली की तेही थांबत. डेनीच्या साथीदारांनी गंमत म्हणून तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी एक श्रोता येऊन विचारू लागला, की ते पक्ष्यांचे आणि बेडकांचे गाणे आज वाजवणार का? डेनीने ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली. थट्टा हाच शैलीचा प्राण ठरला. १९५७ साली निघालेली त्याची 'एक्झॉटिका' ही तबकडी १९५९ मध्ये अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले.

आता ह्या संगीताचे अंग उलगडून पाहिले, तर पहिला धक्का बसतो तो वाद्यांच्या यादीने. बोंगो आणि कोंगा हे जोडढोल क्यूबाचे. मरिंबा ह्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे मूळ आफ्रिकेत, वाढ मध्य अमेरिकेत. घंटा आणि थाळ्या ब्रह्मदेशाकडच्या व चीनकडच्या. कोतो जपानचा. आणि सर्वांच्या मध्यभागी व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांखाली नळ्या लावून, त्या नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या चकत्या बसवलेले यंत्र. ते विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाले. पॉलिनेशियाचे ह्यात जवळजवळ काहीच नाही. चार खंडांची वाद्ये गोळा करून पाचव्याच एका जागेचा भास निर्माण करावयाचा, असा हा उद्योग होता.

भास निर्माण होई, हे मात्र मान्य केलेच पाहिजे, आणि त्यामागे कारागिरी होती. व्हायब्राफोनचा स्वर टोला पडल्यावर लगेच विझत नाही. चकत्या फिरत असल्यामुळे तो पाण्यावरच्या प्रकाशासारखा कमीजास्त होत लांबतो. डेनीचा साथीदार आर्थर लायमन हा हवाईतच जन्मलेला वादक. तो स्वतंत्र झाल्यावर त्याने आपले वादन ॲल्युमिनियमच्या एका प्रचंड घुमटाखाली ध्वनिमुद्रित केले. घुमटाचा नाद प्रत्येक स्वरामागे रेंगाळत राही, आणि ऐकणाऱ्याला वाटे, की समोर भिंत नाही, केवळ अंधार आणि विस्तार आहे. लय संथ, ढोलाचा ठेका एकसारखा परंतु दबका. त्यामुळे नाचावयास कोणी उठत नाही आणि झोपही लागत नाही. चाल थोडी, तीही पुनःपुन्हा येणारी. आणि मधूनच पक्ष्याची शीळ, बेडकाची डरकाळी. ह्या आवाजांचे काम चालीत भर घालण्याचे नव्हतेच. ऐकणारा घराबाहेर आहे, एवढेच त्यांनी त्याला सांगावयाचे. टिकी संगीतात काही घडत नाही. त्यात केवळ एक जागा असते, आणि त्या जागी माणसे नसतात. वादक आहेत, श्रोता आहे, पक्षी आहेत. ज्यांचे ते बेट, त्यांचाच पत्ता नाही.

त्यांचे स्वतःचे संगीत वेगळे होते, आणि गोल बाजारात पोचलेला घसरता सूर खरोखरीच त्यांचा होता. १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू ह्या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंडी तुकडा फिरवण्याची रीत बसवली, असे मानले जाते. दुसरी एक हकीकत अशी सांगतात, की त्याच्या थोडे आधी गेब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुण जहाजावरून हवाईत येऊन पडला होता आणि तो तार अशीच घसरवीत असे. ह्या हकीकतीला भक्कम पुरावा नाही. ती खरी असो वा नसो, भारतात ही रीत फार जुनी होती. उत्तरेची विचित्रवीणा काचेच्या बट्ट्याने वाजते. दक्षिणेचे गोट्टुवाद्यम् लाकडी तुकड्याने वाजते, आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी मैफलीत पुन्हा प्रतिष्ठित केले तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी. तंजावरकडील ह्या कलावंताचे नावच त्याचे मराठी मूळ सांगते.

तरीही मींड आणि हवाईयन घसरण ह्यांत मोठा भेद आहे. मींड कोठून निघावी, कोठे टेकावी, वाटेत कोणत्या श्रुतीला स्पर्श करावा, हे राग ठरवतो. तिला जाब द्यावा लागतो. हवाईयन गिटारच्या तारा मुळातच एका गोड स्वरसंगतीत लावलेल्या असतात आणि लोखंडी कांब त्या सर्वांवरून एकदम सरकते. एकटा स्वर नव्हे, तर स्वरांचा झुबकाच्या झुबका वर चढतो किंवा खाली ओघळतो. त्यात बेसूर होण्याचे भय नाही, विसंवाद नाही, म्हणून ताणही नाही. टेकल्यावर कांब थरथरवली की स्वराला जरासे दुःख चिकटते. सुखात कालवलेले हे किंचित दुःख, ह्यातच त्या सुराची सारी मोहिनी.

ते दुःख मात्र बेटवासीयांना उसने आणावे लागले नव्हते. 'अलोहा ओए' हे जगभर वाजलेले निरोपाचे गीत रचणारी लिलिउओकलानी ही हवाईची शेवटची राणी. १८९३ साली परदेशी मळेवाल्यांच्या गटाने अमेरिकन नौसैनिकांच्या पाठबळावर तिचे राज्य घेतले. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवले. तेथेही ती गाणी रचीत राहिली. १८९६ मध्ये शाळांचे माध्यम इंग्रजी करण्यात आले आणि मुलांच्या तोंडची भाषा मागे पडत गेली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. पुढे सतरा वर्षांनी, १९१५ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी लोकांना वेड लावले आणि त्यांच्या तबकड्यांचा अमेरिकेत खप उसळला. राज्य गेल्यानंतर सूर लोकप्रिय झाला, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झालेले ज्या प्रांताने पाहिले, त्या रायपूर-नागपूरकडील श्रोत्यास तो परका वाटू नये.

भारतात हा सूर घेऊन आले ते ताउ मो आणि त्यांचे कुटुंब. मूळचे सामोआचे, हवाईत वाढलेले हे कलावंत १९२८ पासून जगभर फिरत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्यांचा मुक्काम भारतात पडला आणि कलकत्त्यात त्यांनी पुष्कळांना शिकवले. तेथल्याच गार्नी निस ह्यांच्या 'अलोहा बॉइज' ह्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या. बंगालमध्ये तर हवाईयन गिटार ही मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींनी शिकावयाची गोष्ट होऊन बसली.

मुंबईत गोष्ट निराळ्या रीतीने घडली, आणि तिच्यात मराठी माणसे मध्यभागी आहेत. अमरावतीत जन्मलेले भगवान आभाजी पालव आणि नागपूरला शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशी संगीत शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्या दोघांनी १९५१ साली 'अलबेला' हा चित्रपट दिला. त्यातील 'शोला जो भडके' ह्या गाण्यात चितळकरांनी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आणले. ह्या रंगकामात त्यांचा उजवा हात होता चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म गोव्यातील हळदोण्याचा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा वाद्यवृंद गाजत असे, आणि 'अलबेला'त तो आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. हा अपवाद होय. गोव्याच्या चर्चशेजारील शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईस आलेले शेकडो वादक आणि वृंदरचनाकार चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कधी उतरलेच नाहीत. पोर्तुगीजांनी एका टोकाला गोव्यात ही विद्या आणली, दुसऱ्या टोकाला मदेइराच्या पोर्तुगीज मजुरांनी १८७९ मध्ये हवाईत ते लहानसे तंतुवाद्य नेले ज्याचे पुढे युकुलेली झाले. आणि दोन्ही धागे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात येऊन मिळाले. बॅक्स्टरची तबकडी १९५१ ची, 'अलबेला'ही १९५१ चा. एकाने दुसऱ्याचे ऐकले असण्याचा प्रश्नच नाही; दोघेही एकाच हवेत श्वास घेत होते. फरक एवढाच, की चितळकरांच्या दूरदेशात माणसे होती, आणि ती चांगली नाचत, थट्टा करीत, घामाघूम होत. श्रोत्याला झोपाळ्यात पाडून ठेवण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. ह्या बाबतीत पुणतांब्याचा हा पठ्ठ्या डेनीहून सरस होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु डेनीला खरा भारतीय जोडीदार मिळाला तो 'नागिन'मध्ये. १९५४ सालचा हा चित्रपट, संगीत हेमंतकुमारांचे. कथा रानात राहणाऱ्या दोन वैरी टोळ्यांची, आणि त्या टोळ्या कोणत्याही जनगणनेत सापडणार नाहीत. त्यातील पुंगी देशभर घुमली. आणि ती पुंगी मुळी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा ह्यांनी क्लॅव्हिओलिन ह्या विजेवरच्या पेटीवर तो आवाज काढला होता, आणि रवींनी हार्मोनियमची साथ केली होती. खऱ्या पुंगीला स्वरांचा आवाका थोडा. यंत्राला तशी मर्यादा नाही. त्यामुळे नकली पुंगी खरीपेक्षा अधिक 'पुंगीसारखी' ठरली. बॅक्स्टरने जे निवांत खेड्याचे केले, तेच येथे रानाचे झाले. परदेशी माणसाने बेट कल्पावे, तसे शहरातील माणसाने रान कल्पिले.

आणि ह्या रानाचे रहिवासी तर गोल बाजारात मीठमसाला घ्यावयास येत होते. छत्तीसगढच्या खेड्यांत लग्न म्हटले की गंडवा बाजा आला. मोहरी, म्हणजे सनईच्या कुळातील फुंकवाद्य. काड्यांनी वाजवावयाचा दफडा. मोठ्या नगाऱ्यासारखे निशान, ज्याला गुदुम असेही म्हणतात. आणि कमरेशी बांधलेली लहानशी तीक्ष्ण बोलाची टिमकी. हा बाजा दबका नाही, गूढ तर मुळीच नाही. उघड्या माळावर, दोन गावांच्या मधल्या वाटेवर, वरात येत आहे हे दुरून कळावे म्हणून तो घडलेला. त्यातील मोहरीचा सूर कर्कश आहे, ताल वेगवान आहे, आणि त्याला अर्थ आहे: आता हळद लागली, आता वरात निघाली, आता पाठवणी. कोणता ठेका कोणत्या विधीचा, हे गावाला ऐकताक्षणी समजते. चित्रपटाला त्याची गरज वाटली नाही, कारण जे खरोखर ऐकू येते ते कल्पित रानाला उपयोगी पडत नाही. त्याला बोंगोच हवे असतात. पडद्यावरील 'आदिवासी' नाचात पुढे वर्षानुवर्षे पिसे, भाले आणि अर्थहीन आरोळ्या आल्या, परंतु मोहरी किंवा टिमकी वाजवणाऱ्यांना तेथे जागा मिळाली नाही.

त्यांना जागा करून दिली ती रायपूरच्याच एका मुलाने. हबीब तनवीर १९२३ साली रायपूरला जन्मले. मुंबई, दिल्ली आणि इंग्लंड पाहून झाल्यावर ते नाचा ह्या लोकनाट्याच्या कलावंतांकडे वळले. १९७३ मध्ये रायपूरला भरवलेल्या शिबिरातून 'गाव का नाव ससुराल, मोर नाव दामाद' हे नाटक आकाराला आले, आणि १९७५ मध्ये 'चरणदास चोर'. कलावंत छत्तीसगढी बोलत, आपल्याच चालींत गात; त्यांना कोणाचे रान व्हावे लागले नाही. हवाईतही त्याच दशकात तरुणांनी जुनी भाषा, जुने मंत्रगान आणि नृत्य पुन्हा शिकावयास घेतले, आणि १९७८ मध्ये हवाईयन ही त्या राज्याची अधिकृत भाषा झाली. डेनीच्या तबकड्या तोवर जुन्या बाजारात पडल्या होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी लोकांनी त्या पुन्हा उकरून काढल्या.

घसरत्या सुराचे भारतात मात्र काही वेगळेच झाले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी तो रागाच्या शिस्तीत बसवला. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या तबकडीत शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर त्यांची गिटार आहे, आणि ती आता मींड घेते, जाब देते. विश्वमोहन भट्टांनी तिला आणखी तारा चढवून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळवले. 'नागिन'च्या पुंगीचे दैव त्याहून विलक्षण. गारुड्यांनी ती चित्रपटातून उचलली आणि आपल्या पुंगीवर बसवली. ब्रासबँडवाल्यांनी ती उचलली. आणि लग्नसराईत वरातीपुढे तोंडात रुमालाचे टोक धरून कोणी तरुण जमिनीवर लोळू लागला, की क्लॅरिनेटवाला न सांगता तीच चाल सुरू करतो.